मैत्रिणींच्या वाकळा शिवून देताना किमतीच्या बाबतीत या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मराठी घरांत जिला वाकळ म्हणतात आणि शेजारच्या कन्नड घरांत कौदी, ती जुन्या लुगड्यांची गोधडी आमच्या आजीच्या काळात विकत घ्यायची वस्तू नव्हती. दुपारची कामे आटोपली की गल्लीतल्या चौघीजणी सोप्यात बसून चारी बाजूंनी दोरे घालत, आणि आज एकीची वाकळ झाली की उद्या दुसरीची हाती घेत. श्रमाची फेड श्रमानेच होत असल्यामुळे पैशाचा विषय निघत नसे. आता तशी फेड राहिलेली नाही, वाकळ मात्र हवी असते, आणि ती हाताने शिवणारी गल्लीत एखादीच उरलेली असते. अशा वेळी मैत्रीण पिशवी पुढे करून म्हणते, "आईची लुगडी आहेत गं, तूच शिवून दे," आणि आपल्या तोंडून नेमके नको ते वाक्य निघून जाते : "दे मग तुला काय वाटेल ते."

हीच पहिली चूक, आणि बाकीच्या बहुतेक चुका तिच्याच पोटी जन्म घेतात.

मी स्वतः ती केलेली आहे. एका जिवलग मैत्रिणीच्या लेकीसाठी चार बाय सहा फुटांची वाकळ मी सबंध पावसाळाभर शिवली. ती न्यायला आली तेव्हा तिने मला पाटावर बसवले, हळदीकुंकू लावले, खण-नारळाने माझी ओटी भरली आणि ओटीतच एक पाकीट ठेवले. ती गेल्यावर पाकीट उघडले तेव्हा आत ५०१ रुपये होते. मला फार वाईट वाटले आणि पुढचे दोन महिने मी तिच्या घरी जाणे टाळत राहिले. आज विचार करता तिचे काहीच चुकले नव्हते असे दिसते. मशीनवर गोधडी मारून देणारे त्या सुमारास साधारण तेवढेच पैसे घेत असत, तिला तोच भाव ठाऊक होता, आणि मी तिला दुसरा कोणताही आकडा सांगितलेला नव्हता. आपण आकडा सांगितला नाही तर समोरची व्यक्ती तो आपल्या अंदाजाने ठरवते, आणि तो अंदाज नेहमी दुकानातल्या भावावरूनच बांधलेला असतो.

दिवस मोजणे आणि तास न मोजणे

"वाकळेला किती वेळ लागतो?" या प्रश्नाला आपण "होते की पंधरा-वीस दिवसांत" असे उत्तर देतो. हे उत्तर खरे असले तरी किमतीसाठी निरुपयोगी आहे, कारण त्या वीस दिवसांत स्वयंपाक, मुलांची शाळा आणि घरचे सगळे काही आलेले असते. मोजायची ती धावदोऱ्याची ओळ.

चार बाय सहा फूट म्हणजे ४८ बाय ७२ इंच. अर्ध्या अर्ध्या इंचावर उभे दोरे घातले तर ९६ ओळी होतात आणि प्रत्येक ओळ सहा फुटांची असते. सुई ओवणे, गाठ मारणे, मध्येच पाठ सरळ करणे, हे सगळे धरून माझ्या हाताला एका ओळीस सरासरी १८ मिनिटे लागतात, म्हणजे नुसत्या दोऱ्यांचे जवळजवळ २९ तास झाले. साड्यांचा फॉल उसवणे, कापड धुऊन वाळवणे, कापणे, थर पसरून कच्चे टाके घालणे आणि शेवटी कडेने गोट लावणे यांना आणखी ८ तास लागतात. एकूण ३७ तास, म्हणजे आठ तासांच्या हिशेबाने साडेचार दिवसांहून अधिक पूर्ण काम.

आता त्याचे पैसे. कर्नाटकात उद्योग खात्रीच्या, म्हणजे रोजगार हमीच्या, कामाची मजुरी २०२५-२६ या वर्षासाठी दिवसाला ३७० रुपये ठरली होती. त्या दराने ३७ तासांचे सुमारे १,७०० रुपये होतात. अस्तर, गोटाचे कापड, दोरा आणि सुया मिळून माझ्या एका वाकळेला ५४० रुपये लागले होते. दोन्हींची बेरीज २,२५० रुपयांच्या आसपास जाते. हा दर चर खणण्याच्या आणि माती ओढण्याच्या अकुशल कामाचा आहे, हे येथे विसरू नये. ज्या हाताला सहा फुटांची ओळ पट्टी न लावता सरळ घालता येते, त्या हाताची मजुरी याहून अधिकच असली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. २,२५० हा आकडा म्हणून किमतीचा तळ समजावा. मैत्रिणीसाठीसुद्धा हिशेब याच्या वरूनच सुरू करावा.

प्रत्येकीच्या हाताचा वेग निराळा असतो, त्यामुळे माझे १८ मिनिटे उसने घेऊ नका. घड्याळ समोर ठेवून पाच ओळी घाला आणि त्यांची सरासरी काढा. पहिल्या ओळीचा वेळ धरू नये, कारण तेव्हा हात ताजा असतो. साठाव्या-सत्तराव्या ओळीला सुई बाहेर ओढताना बोटाचे पेर दुखू लागते आणि वेग आपोआप मंदावतो.

दोन ओळींमधले अंतर आधी ठरवले नाही तर हा सगळा हिशेब कोलमडतो. "जरा बारीक दोरे घाल हं," असे मैत्रीण सहज म्हणून जाते. अर्ध्या इंचाऐवजी पाव इंचावर दोरे घातले तर ९६ च्या १९२ ओळी होतात आणि दोऱ्यांचे काम थेट दुप्पट होते. यासाठी मी पाव, अर्धा आणि एक इंच अशा तीन अंतरांचे वीतभर लांबीचे तीन तुकडे शिवून ठेवले आहेत. ते हातात दिले की बोलणे सोपे होते, कारण तिन्हींतला फरक बोटांना लगेच कळतो.

"एक एक फूट वाढव की"

मापाच्या बाबतीत चांगल्या चांगल्या शिवणाऱ्या फसतात. चार बाय सहाची वाकळ २४ चौरस फूट असते. लांबी-रुंदी प्रत्येकी केवळ एक फुटाने वाढवून ती पाच बाय सात केली की ३५ चौरस फूट होतात, म्हणजे काम जवळजवळ दीडपट वाढते. सात बाय आठची जोडप्याची वाकळ ५६ चौरस फूट भरते. तिला लहान वाकळेच्या दुप्पट पैसे घेतले तरी आपण तोट्यातच राहतो.

याशिवाय कापडाची एक अडचण आहे. नऊवारी लुगडे नऊ वार, म्हणजे २७ फूट लांब असते. त्याच्या सहा सहा फुटांच्या घड्या घातल्या तर चार थर होतात आणि तीन फूट कापड उरते. लुगड्याची रुंदीही चार फुटांच्या आसपासच असते. म्हणूनच पूर्वीच्या बहुतेक वाकळा याच मापाच्या दिसतात. लुगडे पसरले, दुमडले, की फारसे जोड न देता वाकळ बसते. रुंदी पाच फूट मागितली की प्रत्येक थराला जोड द्यावा लागतो, आणि जोडावर सुई अडते. जोडाचे काम वेगळे लिहून त्याचे वेगळे पैसे सांगावेत.

मैत्रिणीचे कापड फुकट समजणे

"कापड तर माझेच आहे, मग एवढे कशाचे?" हा प्रश्न येतोच. प्रत्यक्षात जुने कापड नव्यापेक्षा अधिक काम मागते. विरलेला भाग ओळखून कापून काढावा लागतो, जीर्ण जागी ठिगळ द्यावे लागते, आणि सिंथेटिक साडी असेल तर सुती थरांमधून ती सारखी सरकते.

सर्वांत मोठा धोका रंगाचा असतो. आपल्याकडे आईची आठवण म्हणून बहुधा इरकलच येते. तिचे अंग सुताचे आणि पदर रेशमी धाग्याचा, बहुतेक वेळा लालभडक. बारशासाठी शिवलेल्या एका पांढऱ्या दुपट्यात मी असा पदर मधोमध लावला. पहिल्याच धुण्यात त्याचा रंग सुटला आणि सगळे दुपटे गुलाबी डागांनी भरले. ते उसवून पुन्हा शिवण्यात माझे अकरा तास गेले, आणि ते पैसे मागण्याचे धाडस मला झाले नाही, कारण रंगाची जबाबदारी कोणाची हे आधी बोलणेच झालेले नव्हते. तेव्हापासून कापड हाती येताच मी पांढरे फडके ओले करून पदरावर, काठावर आणि अंगावर घासून पाहते, आणि रंग लागला तर मैत्रिणीच्या देखतच ते कापड बाजूला काढते. "तरीही लावच," असे ती म्हणाली तर रंग गेल्यास पुढची दुरुस्ती तिच्या खर्चाने होईल, हे त्याच वेळी सांगते. या पाहणीचा, उसवण्याचा आणि धुण्याचा वेळ किमतीत धरलाच पाहिजे.

काम सुरू झाल्यावर वाढणाऱ्या मागण्या

हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांतील सिद्दी या मूळच्या आफ्रिकी वंशाच्या समाजातील स्त्रियांच्या कवंदी, म्हणजे त्यांच्याकडच्या गोधड्या, अलीकडे अनेकजणींनी पाहिलेल्या असतात. त्या कडेपासून सुरू होऊन फेऱ्या घेत मध्याकडे शिवल्या जातात आणि त्यांच्या चारी कोपऱ्यांना कापडाची घडीदार फुले लावलेली असतात. निम्मी वाकळ झाल्यावर मैत्रिणीने "तशी फुले लाव ना" म्हटले, तर ते वाढीव काम आहे. गोट लावून झाला असेल तर त्यासाठी तो उसवावाही लागतो. नाव घालणे, खिशाचा तुकडा तसाच जपून लावणे, एखादे जुने झबले मध्यभागी बसवणे या मागण्याही अशाच येतात. त्यांना नकार देण्याचे कारण नाही. फक्त "लावते, त्याचे अडीचशे वाढतील" हे त्याच क्षणी सांगावे. मागाहून सांगितलेला आकडा लबाडीसारखा वाटतो, मग तो कितीही रास्त असो.

तारखेची चूकही पैशांतच येऊन बसते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे, विशेषतः खानापूरच्या बाजूला, लुगडे दोन दोन दिवस वाळत नाही. रुखवतासाठी किंवा डोहाळजेवणासाठी वाकळ हवी असेल आणि कापड आषाढात आले असेल, तर तेवढे दिवस वाढवूनच तारीख द्यावी. अस्तर आणि दोरा आपण आणायचा असला तरी त्यासाठी आपले पैसे आधी गुंतवू नयेत. निम्मी रक्कम विसार म्हणून, आपल्याकडच्या बोलीत संचकार म्हणून, कात्री लावण्यापूर्वी घ्यावी. मैत्रिणीकडून संचकार कसा मागायचा, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु एकदा संचकार दिला की ठरलेले माप आणि ठरलेली तारीख दोघींच्याही लक्षात राहते, असा माझा अनुभव आहे.

सूट आतल्या आत देणे

मैत्रिणीला कमी दर लावू नये असे मी म्हणत नाही. जिच्याशी वीस वर्षांचे येणे-जाणे आहे, तिच्या लेकीच्या बारशाला मी दुकानदारासारखी वागणार नाही. चूक सूट देण्यात नाही, ती न सांगता देण्यात आहे. २,२५० चे काम आपण मनातल्या मनात १,२०० वर आणतो आणि तेवढेच सांगतो. मैत्रिणीला वाटते की वाकळेची किंमतच १,२०० आहे. ती भिशीत तसे सांगते, पुढच्या महिन्यात आणखी तिघी त्याच भावाने वाकळा मागतात, आणि ज्यांच्याशी आपली जेमतेम ओळख आहे त्यांनाही आपण मैत्रीच्या दराने शिवून देऊ लागतो.

त्यापेक्षा असे सांगावे : "चार बाय सहाची, अर्ध्या इंचाचे दोरे, कापड तुझे, अस्तर-दोरा माझा, बावीसशे पन्नास होतात. त्यातले पाचशे मी लेकीला आहेर म्हणून सोडते, तू सतराशे पन्नास दे." यात किंमत किमतीच्या जागी राहते आणि आहेर आहेर म्हणून ओळखला जातो. हेच मी चिठ्ठीवर लिहून देते किंवा मोबाइलवर पाठवते. आहेराची रक्कम आपल्याला खरोखर परवडणारी असावी, आणि ती कोणाला किती द्यायची हे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवावे. मी वर्षाला दोनच वाकळांवर सूट देते.

वस्तूच्या बदल्यात वस्तू घेतली तरी हाच नियम लागू पडतो. येळ्ळूरच्या एका मैत्रिणीने मला पैशांऐवजी घरचा बासमती तांदूळ देऊ केला. मी आनंदाने घेतला, पण त्या दिवसाचा बाजारभाव धरून वहीत रक्कम लिहिली आणि उरलेले पैसे तिच्याकडून घेतले. तिला त्यात काही वावगे वाटले नाही.

महाग वाटले किंवा आकडा आधीच चुकला तर

"किती होईल गं?" किंवा कन्नडमधून "एष्ट आगतद री?" या प्रश्नाला उभ्या उभ्या उत्तर देऊ नये. कापड पाहून, माप घेऊन दुसऱ्या दिवशी आकडा सांगते, असे म्हणावे. तरीही मैत्रिणीला तो जड वाटला आणि तिने सोलापुरी चादरीचा किंवा पानिपतच्या ब्लँकेटचा भाव पुढे केला, तर वाद घालू नये. त्या वस्तू यंत्रावर होतात आणि त्यांचा भाव त्यांच्यापुरता योग्यच असतो. अशा वेळी दर कमी न करता काम कमी करावे. माप लहान करावे, दोरे एक इंचावर घ्यावेत, किंवा मधले दोरे मशीनवर मारून फक्त गोट हाताने लावावा. आईच्या लुगड्याचे तीन बाय तीन फुटांचे दुपटे ९ चौरस फुटांचे होते आणि आठवण तेवढ्यातही जपली जाते.

आकडा आधीच कमी सांगून बसलो असू, तर ती वाकळ ठरल्या पैशातच नीट पूर्ण करावी. राग दोऱ्यांत उतरू देऊ नये. मात्र देताना खरे तास लिहिलेली चिठ्ठी सोबत द्यावी आणि पुढच्या वाकळेचा दर त्याच चिठ्ठीवर लिहावा. ज्या मैत्रिणीने मला ५०१ रुपये दिले होते, तिला मी दोन वर्षांनी अशी चिठ्ठी दिली. ती बराच वेळ वाचत राहिली आणि म्हणाली, "मला कधी सांगितलं का नाहीस?" दुसऱ्या लेकीची वाकळ तिने पूर्ण दराने शिवून घेतली.

उरला दुरुस्तीचा प्रश्न. उसवलेला दोरा किंवा सुटलेला गोट मी पहिल्या दसऱ्याच्या धुण्यापर्यंत विनामूल्य नीट करून देते, कारण पहिल्या मोठ्या धुण्यातच शिवणीची खोट बाहेर येते. त्यानंतर कापड विरून फाटले तर प्रत्येक ठिगळाचे ४० रुपये घेते, आणि हा दरही पहिल्याच चिठ्ठीच्या तळाशी लिहिलेला असतो.