फोर्क करताना श्रेय आणि लायसन्सच्या या चुका टाळा

फोर्क म्हणजे दुसऱ्याच्या मुक्त कोडची प्रत घेऊन तिच्यावर आपला वेगळा प्रकल्प उभा करणं. ऑगस्ट २००७ मध्ये लिनक्स कर्नलसाठी (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मुख्य भागासाठी) एक पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलांचा संच, आला. अथेरॉसच्या वायफाय चिपचा ड्रायव्हर. त्याचा गाभा ओपनबीएसडी या दुसऱ्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या रेक फ्लोटर यांच्या कोडवर उभा होता, आणि तो कोड त्यांनी चिपच्या कंपनीकडून माहिती मिळत नसताना रिव्हर्स इंजिनिअरिंग करून लिहिला होता. फायलींच्या माथ्यावर आयएससी या ढिल्या अटींच्या लायसन्सचा (कोड वापरायच्या परवान्याचा) छोटा मजकूर होता. पॅचने तो काढला आणि त्या जागी जीपीएलचा परिच्छेद बसवला. जीपीएल हे कडक लायसन्स: त्याखालचा कोड बदलून वाटला तर त्याचा सोर्स, म्हणजे मूळ कोडही, त्याच अटींवर द्यावा लागतो. त्यावरून ओपनबीएसडी आणि लिनक्सवाले एकमेकांवर असे तुटून पडले की सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटरला लक्ष घालावं लागलं आणि सप्टेंबरमध्ये अशा फायली कशा सांभाळायच्या याची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध करावी लागली. आज कर्नलमधल्या त्या ड्रायव्हरच्या फायली उघडून पाहा, रेक यांचं नाव आणि तोच परवानगीचा मजकूर जागेवर आहे.

फोर्कवरची बहुतेक भांडणं अशीच सुरू होतात. कोणी ठरवून चोरी करत नाही. कोणीतरी 'जरा साफसफाई' करतो, आणि त्यात दुसऱ्याच्या कामाचा पुरावा पुसला जातो. म्हणून खाली ज्या चुका सांगतोय त्यातल्या जास्तीत जास्त पहिल्या आठवड्यातच टाळता येण्यासारख्या आहेत. नंतर त्या निस्तरणं फार जड जातं.

हेडर (फाईलच्या माथ्यावरचा मजकूर) बदलणं

एमआयटी, बीएसडी, आयएससी म्हणजे 'काहीही करा, कोणी विचारत नाही', असा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. ही लायसन्सं मागतात जवळजवळ एकच गोष्ट: कॉपीराइटची ओळ आणि परवानगीचा मजकूर प्रत्येक प्रतीत ठेवा. तेवढी एकच अट असताना नेमकी तीच मोडली जाते, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

तुमचा प्रकल्प जीपीएलखाली असेल तर एमआयटीची फाईल त्यात खुशाल घ्या. एकत्र केलेलं काम जीपीएलखाली वाटता येतं. पण त्या फाईलचा मूळ मजकूर जसाच्या तसा राहतो. तुम्ही तिच्यात खरोखर मोलाची भर घातली असेल तर तुमची कॉपीराइटची ओळ मूळ ओळीच्या खाली जोडा. चार स्पेलिंगं सुधारली, इंडेंटेशन बदललं, एवढ्यावर आपलं नाव चढवू नका.

'रीडमीमध्ये (प्रकल्पाच्या परिचयाच्या फाईलमध्ये) आभार मानले आहेत की', हा बचावही टिकत नाही. एप्रिल २०२५ मध्ये स्पेगेल या एमआयटी लायसन्सच्या प्रकल्पाच्या कर्त्याने जाहीरपणे लिहिलं की मायक्रोसॉफ्टच्या पीअरडी प्रकल्पात त्याचा कोड कॉमेंटांसकट उतरला आहे. रीडमीमध्ये त्याचे आभार होते, पण मूळ लायसन्सचा मजकूर नव्हता, ही त्याची तक्रार होती. आभार हा सौजन्याचा भाग, नोटीस (कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर) ही अट. दोन्ही द्यायचं असतं.

लायसन्सची फाईलच नवी टाकणं

२०२४ च्या सप्टेंबरअखेर पेअरएआय या स्टार्टअपचं प्रकरण गाजलं. त्यांचा कोड लिहायचा एडिटर व्हीएस कोड आणि कंटिन्यू या दोन प्रकल्पांच्या फोर्कवर उभा होता. कंटिन्यू अपाचे २.० या लायसन्सखाली आहे. यांनी तिथे 'पेअर एंटरप्राइज लायसन्स' नावाचा, चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेला मजकूर लावला. टीकेचा भडिमार झाला, माफी मागावी लागली आणि अपाचे लायसन्स परत आणावं लागलं.

अपाचे २.० तुमच्या स्वतःच्या बदलांना वेगळ्या अटी लावू देतं. मूळ कोडचं लायसन्स मात्र तुम्ही रद्द करू शकत नाही. त्याच्या चौथ्या कलमात चार गोष्टी मागितल्या आहेत: लायसन्सची प्रत द्या, बदललेल्या फायलींवर 'बदल केला आहे' असं ठळक लिहा, जुन्या नोटिसा ठेवा, आणि मुळात 'नोटीस' नावाची फाईल असेल तर तिच्यातला श्रेयाचा मजकूर पुढे न्या. ही शेवटची फाईल हमखास विसरली जाते. अपाचेचा कोड निव्वळ जीपीएल २ च्या प्रकल्पात मिसळता येत नाही, जीपीएल ३ मध्ये येतो, हेही फोर्क करायच्या आधी बघून घ्या.

इतिहास कापून टाकणं

मूळ रेपो (कोड आणि त्याच्या इतिहासाचं भांडार) झिप करून उतरवायचा, नव्या फोल्डरमध्ये टाकायचा, गिट या कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात 'गिट इनिट' करून कोरा इतिहास सुरू करायचा आणि 'फर्स्ट कमिट' (पहिली नोंद) असा संदेश देऊन ढकलून द्यायचा. ही पद्धत मला सगळ्यात घातक वाटते. लायसन्सची फाईल जागेवर असली तरी आता 'गिट ब्लेम' प्रत्येक ओळीसमोर तुमचंच नाव दाखवतो. ज्याने दहा वर्षं एखादा पार्सर घासूनपुसून नीट केला, त्याचं नाव एका कमिटमध्ये गायब. लायसन्स इतिहास ठेवायला सांगत नाही, म्हणून कायद्याने यात बहुधा काही बिघडत नाही. माणसं मात्र दुखावतात, आणि पुढे वाद झाला तर कुठली ओळ कुठून आली हे सिद्ध करायचं साधनही तुमच्या हातून गेलेलं असतं.

झालं असेल तर दुरुस्त करता येतं. मूळ रेपो 'अपस्ट्रीम' (मूळ प्रकल्प) नावाने रिमोट म्हणून जोडा आणि फेच करा, म्हणजे त्याचा इतिहास उतरवून घ्या. तुमच्या पहिल्या कमिटचा मूळ रेपोतल्या टॅगांशी (नाव दिलेल्या आवृत्त्यांशी) डिफ, म्हणजे फरक, घ्या. ज्याच्याशी फरक सगळ्यात कमी, तोच तुमचा उगम. मग 'गिट रिप्लेस'च्या 'ग्राफ्ट' पर्यायाने तुमच्या पहिल्या कमिटला ते मूळ कमिट पालक म्हणून जोडा आणि 'गिट ब्लेम' पुन्हा चालवा. न बदललेल्या ओळींसमोर जुनी नावं परत दिसतील. हे फक्त तुमच्या मशीनवर असतं. कायमचं करायचं तर 'फिल्टर-रेपो' चालवावं लागतं आणि तुमच्या कमिटांचे हॅश (ओळखक्रमांक) बदलतात, म्हणून सोबत काम करणाऱ्यांना आधी कळवा.

पुढे अपस्ट्रीममधून एकेक सुधारणा घेताना हाताने कॉपी-पेस्ट करू नका. 'चेरी-पिक' (एखादं कमिट उचलून आणणं) मूळ लेखकाचं नाव टिकवतं, आणि त्याला एक्स पर्याय दिला की मूळ कमिटचा हॅशही संदेशात येतो. पुल रिक्वेस्ट (कोणी पाठवलेले बदल) स्क्वॉश करताना, म्हणजे सगळी कमिटं एकात गुंडाळताना, ज्यांनी खरं काम केलं त्यांची नावं 'को-ऑथर्ड-बाय' ओळीत आहेत ना, एवढं पाहा.

या नोंदींची किंमत ओपनटोफू या प्रकल्पाने दाखवून दिली. हाशिकॉर्प कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या टेराफॉर्म या सॉफ्टवेअरचं लायसन्स एमपीएल या मुक्त लायसन्सवरून व्यावसायिक वापरावर बंधनं घालणाऱ्या बिझनेस सोर्स लायसन्सवर नेलं, तेव्हा जुन्या कोडवरून ओपनटोफू फुटला. एप्रिल २०२४ मध्ये हाशिकॉर्पने कायदेशीर नोटीस पाठवली: 'रिमूव्हड' ब्लॉक या सुविधेचा कोड आमच्या नव्या लायसन्सच्या फायलींमधून उचलला आहे. ओपनटोफूने सुमारे आठवडाभरात उत्तर दिलं, सोबत त्या कोडच्या उगमाची तपशीलवार मांडणी जोडली आणि तो जुन्या एमपीएल कोडवर बेतल्याचं फाईलवार दाखवलं. दोन्हीकडचा कोड एकाच पूर्वजावरून आलेला, त्यामुळे तो सारखा दिसणारच. इतिहास शाबूत नसता तर हे कसं सांगणार होते?

विकताना मूळ नाव आडोशाला ठेवणं

बुद्धिबळ खेळणाऱ्यांना स्टॉकफिश हा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम माहीतच असतो. तो स्वतःही एक फोर्क आहे. टॉर्ड रोमस्टाड यांच्या ग्लाउरुंग या प्रोग्रॅमवरून मार्को कोस्टाल्बा यांनी २००८ मध्ये तो काढला, आणि रोमस्टाड पुढे त्याच चमूत आले. असा फोर्क पाहिला की बरं वाटतं.

२०२१ च्या फेब्रुवारीत चेसबेस कंपनीने 'फॅट फ्रिट्झ २' हा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम बाजारात आणला. स्टॉकफिशच्या चमूने तपासलं, तेव्हा त्यांच्या मते आत स्टॉकफिशच होता, वेगळं न्यूरल नेटवर्क आणि किरकोळ बदल एवढाच फरक. स्टॉकफिशचं लायसन्स जीपीएल ३, आणि ते विकायला मना करत नाही. चमूची तक्रार होती की गिऱ्हाइकाला आत काय आहे आणि त्याला कुठले हक्क मिळतात, हे नीट सांगितलंच नाही. शिवाय चेसबेस विकत असलेल्या हुडिनी ६ या प्रोग्रॅममध्येही स्टॉकफिशचा कोड असल्याचं त्यांचं म्हणणं होतं. जुलै २०२१ मध्ये म्युनिकच्या न्यायालयात दावा दाखल झाला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तडजोड झाली. चेसबेसने एक वर्ष स्टॉकफिश असलेली उत्पादनं विकायची नाहीत, मुक्त सॉफ्टवेअरच्या अटी पाळल्या जातात का हे बघायला एक जबाबदार व्यक्ती नेमायची, आणि त्यानंतर लायसन्स परत मिळेल, असं ठरलं.

इथे जीपीएलच्या दोन आवृत्त्यांतला फरक माहीत हवा. जीपीएल २ मध्ये अट मोडली की हक्क तिथेच संपतो, सुधारण्यासाठी मुदत नाही. जीपीएल ३ मध्ये पहिल्यांदाच चूक झाली असेल आणि नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत ती दुरुस्त केली तर हक्क कायमचा परत मिळतो. दुसऱ्यांदा त्याच हक्कदाराशी तेच केलं तर या सवलतीवर विसंबता येत नाही.

सर्व्हरवर चालणाऱ्या फोर्कसाठी एजीपीएल या जीपीएलच्या भावंड लायसन्सचं तेरावं कलम वाचा. तुम्ही बदललेली आवृत्ती जे नेटवर्कवरून वापरतात, त्यांना तिचा सोर्स मिळायला हवा. ट्रम्प यांच्या ट्रुथ सोशल या समाजमाध्यमाला ऑक्टोबर २०२१ मध्ये, ज्याच्या कोडवर ते उभं होतं त्या मॅस्टोडॉनने यावरूनच पत्र पाठवलं होतं, आणि पुढच्या महिन्यात त्यांना सोर्स ठेवावा लागला.

'फुकटच्या कोडला कोर्ट कोण विचारतं?'

अमेरिकेत जेकबसन विरुद्ध कॅटझर हा खटला मॉडेल रेल्वे चालवणाऱ्या जेएमआरआय या मुक्त सॉफ्टवेअरवरून झाला. त्याच्या फायली दुसऱ्या उत्पादनात घेताना लेखकांची नावं आणि कॉपीराइटच्या नोटिसा गाळल्या होत्या. ऑगस्ट २००८ मध्ये फेडरल सर्किट न्यायालयाने सांगितलं की श्रेय देण्याच्या या अटी म्हणजे लायसन्सच्याच अटी, आणि त्या मोडल्यास कॉपीराइटचा भंग होऊ शकतो. आपल्याकडेही १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो, आणि कलम ५७ नुसार हक्क विकून टाकल्यावरही आपण लेखक आहोत असं सांगण्याचा लेखकाचा हक्क उरतो. पुण्या-मुंबईत क्लायंटसाठी फोर्क करून देणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

तक्रार आली, किंवा करायची आहे

आली असेल तर त्याच दिवशी उत्तर द्या: मिळालं, तपासतोय, अमुक तारखेपर्यंत सांगतो. रेपो घाईने खाजगी करू नका आणि इतिहासावर फोर्स-पुश (जुना इतिहास पुसून नवा लादणं) तर अजिबात नको. त्याने चूक लपवल्यासारखी दिसते. 'स्कॅनकोड'सारखं साधन चालवून कुठल्या फायलींत कुठल्या नोटिसा आहेत ते काढा, गाळलेल्या जागेवर आणा आणि ते कमिट तक्रारदाराला दाखवा. आधी वाटून झालेल्या बिल्डांमध्येही (तयार करून दिलेल्या प्रोग्रॅममध्येही) तीच चूक असते. त्या बदला.

तक्रार तुम्हाला करायची असेल तर एप्रिल २००७ चं ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपच्या ड्रायव्हरचं प्रकरण आठवा. लिनक्सच्या ड्रायव्हरचा जीपीएल कोड ओपनबीएसडीच्या एका डेव्हलपरच्या अर्धवट कामात आढळला. तक्रार रास्त होती, पण ती पहिल्याच पत्रात सगळ्या जगासमोर मांडली गेली. त्या डेव्हलपरने ड्रायव्हरच काढून टाकला आणि त्याच्यावर पुढे काम केलं नाही. म्हणून पहिलं पत्र खाजगी लिहा. त्यात तुमच्या आणि त्यांच्या फायलींची नावं, ओळींचे आकडे, कमिटचा हॅश, लायसन्सचं नेमकं कलम आणि तुम्हाला काय हवंय ते लिहा: नोटीस परत हवी, सोर्स हवा, की वाटप थांबायला हवं. मुदत द्या. मुदत उलटली तर जाहीर बोलायला तुम्ही मोकळे आहात.