खानदेशातून वाळवंटातल्या शर्यतीला: क्वाड बाईक तयार करताना या चुका टाळा

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. एवढ्या उन्हात क्वाड, म्हणजे चार जाड चाकांची मोटरसायकलसारखी गाडी, तापली नाही, म्हणजे ती थरच्या वाळवंटातही चालेल असं आपल्याकडे सर्रास धरून चालतात. इथेच घोळ होतो. टणक माळावर गाडी पळत असते, रेडिएटरला वारा मिळतो. मऊ वाळूत चाकं रुततात, वेग पार कमी होतो आणि इंजिनावरचा ताण मात्र कायम राहतो. अशा वेळी सगळी भिस्त पंख्यावर. म्हणून चाचणी माळावर घेऊ नका. कपाशी निघाल्यावर नांगरून ठेवलेल्या घरच्या रानात, भर दुपारी, खालच्या गिअरमध्ये अर्धा तास गाडी चालवा. पंखा वेळेवर सुरू होतो का, कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) बाहेर येतं का, ते तिथेच कळेल. गाडी तापली तर ती गार होईपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावायचा नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण उघडताच उसळून अंगावर येतं.

दुसरी चूक एअर फिल्टरची, आणि इंजिनाचा जीव घेणारी हीच. काळ्या मातीच्या रस्त्यावरचा फुफाटा ज्यांनी खाल्लाय, त्यांना पिठासारखी धूळ काय करते हे वेगळं सांगायला नको. तरीही गॅरेजात फोमच्या फिल्टरला कॉम्प्रेसरची हवा मारली जाते किंवा तो पेट्रोलमध्ये बुडवला जातो. फोम फाटतो, जोड सुटतात. साबणाच्या पाण्याने किंवा फिल्टर क्लीनरने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, फिल्टर ऑइल सगळीकडे सारखं मुरवा. दाबून पिळा, पिरगाळू नका. काठाला ग्रीस लावूनच बसवा, वरून धुळीचं कापडी कव्हर चढवा. प्रत्येक चाचणीनंतर फिल्टरच्या पलीकडच्या, इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत पांढरं फडकं फिरवा. फडक्याला धूळ लागली तर फिल्टर नीट बसलेला नाही. असंच चालवत राहिलात तर आधी पिस्टनच्या रिंगा झिजतात, मग धूर येतो.

ताकद वाढवण्याचा मोह तर आवराच. डकार रॅली या लांब पल्ल्याच्या वाळवंटी शर्यतीत क्वाडचा वेगळा गट २००९ ते २०२४ होता आणि तिथे यामाहा रॅप्टर ७०० चा दबदबा राहिला: एकच सिलिंडर, ६८६ सीसी. लांब पल्ल्याला टिकाऊपणाच लागतो. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) वाढवलं की उष्णता वाढते, शिवाय जास्त ऑक्टेनचं पेट्रोल लागतं. आडरानात ते आणणार कुठून?

क्वाडच्या टायरमध्ये हवा अगदी कमी, साधारण ५-६ पीएसआय असते. कारच्या गेजवर ती धड वाचता येत नाही, कमी दाबाचं वेगळं गेज घ्या. वाळूसाठी हवा आणखी उतरवणार असाल तर टायर रिमवरून निसटू नये म्हणून बीडलॉक रिम, म्हणजे टायरची कड आवळून धरणारे रिम, हवेत.

चेनला ऑइल चोपडू नका, वाळू चिकटून स्प्रोकेट (चेनचं दातेरी चाक) खाते. चेनचा ढिलेपणा रायडर सीटवर बसवूनच तपासा. वॉशिंग सेंटरचा जोरदार फवारा बेअरिंगवर मारला तर ग्रीस निघून पाणी आत शिरतं. मागच्या एक्सलचं नट आणि सस्पेन्शनचे बोल्ट कसल्यावर त्यांच्यावर रंगाची रेघ ओढा, म्हणजे ते फिरले तर नजरेला लगेच दिसतं.

आणि नवी क्लच केबल बॅगेत ठेवू नका. जुनीच्या शेजारून ओवून, टोकांना टेप गुंडाळून गाडीवरच बांधा. वाळूत जुनी तुटली तर फक्त नवीची दोन टोकं जोडायची.