फेझंटच्या शिकारीसाठी शॉटगन आणि काडतूस कसे निवडावे

फेझंट हा मोर-कोंबड्यांच्या कुळातला, मूळचा आशियातला पक्षी १८८० च्या दशकात ओरेगॉनमध्ये सोडण्यात आला आणि आज अमेरिकेत त्याच्या शिकारीसाठी साउथ डकोटाची गवताळ माळराने सर्वांत प्रसिद्ध आहेत. नराचे वजन साधारण सव्वा ते दीड किलो भरते, पिसारा दाट असतो आणि नुसता जखमी झालेला पक्षी जमिनीवर पडताच धावत गवतात नाहीसा होतो. म्हणून बंदूक निवडताना तिचा दणका किती मोठा यापेक्षा, ठरावीक अंतरावर पुरेसे छर्रे, म्हणजे काडतुसातल्या बारीक गोळ्या, पुरेशा जोराने पक्ष्यापर्यंत पोहोचतात का, हा प्रश्न आधी विचारावा.

सुरुवात नियमांपासून करावी, कारण काडतुसाची निम्मी निवड तेच करून टाकतात. साउथ डकोटात फक्त नर मारता येतो. पाणपक्ष्यांसाठी राखलेल्या संघराज्य सरकारच्या जमिनींवर शिसे चालत नाही, आणि कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कोणत्याही शिकारीत शिशाचे छर्रे वापरण्यास मनाई आहे. आपण जाणार ती जागा कोणत्या नियमाखाली येते, हे खरेदीपूर्वीच पाहून घ्यावे.

आता बंदूक. बोअरचा आकडा म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाइतक्या शिशाच्या किती गोळ्यांचा मिळून एक पौंड होतो, तो आकडा. त्यामुळे आकडा वाढला की नळी अरुंद होते. बारा बोअरची नळी सुमारे १८.५ मिलिमीटरची, तर वीस बोअरची सुमारे १५.६ मिलिमीटरची असते. बारा बोअरमध्ये छर्रे अधिक मावतात आणि काडतुसांचे प्रकारही जास्त मिळतात, म्हणून पहिली बंदूक घेणाऱ्याने तीच घ्यावी असा सल्ला सहसा दिला जातो. माझे मत थोडे वेगळे आहे: दिवसभर गवत तुडवत चालायचे असेल, तर अंगाला नीट बसणारी हलकी वीस बोअर ही खांद्याला न बसणाऱ्या बारा बोअरपेक्षा केव्हाही बरी. बंदूक बसते की नाही हे पाहण्यासाठी ती रिकामी असल्याची दोनदा खात्री करावी, नळी सुरक्षित दिशेला धरावी, डोळे मिटून दस्ता खांद्याला लावावा आणि मग डोळे उघडावेत. नजर नळीवरून सरळ पुढे गेली पाहिजे. मान वाकवून ती जुळवावी लागत असेल, तर दस्त्याची लांबी किंवा उंची चुकली आहे. दुनळी, पंप (पुढची मूठ मागे-पुढे सरकवून काडतूस भरायची) की सेमी-ऑटो (बार होताच पुढचे काडतूस आपोआप भरणारी), हा बराचसा सवयीचा प्रश्न आहे.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेले आकुंचन. सुमारे ३६ मीटरवर, ७६ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात, इम्प्रूव्ह्ड सिलिंडर चोकमधून साधारण ५० टक्के, मॉडिफाइडमधून ६० टक्के आणि फुलमधून ७० टक्के छर्रे पडावेत असे मानले जाते. हंगामाच्या आरंभी पक्षी कुत्र्यासमोर अगदी जवळून उठतात, तेव्हा पहिला चोक पुरतो. पुढे ते सावध होऊन लांबूनच उडू लागले, की मॉडिफाइड लावावा.

काडतुसात शिसे चालत असेल, तर बारा बोअरसाठी सव्वा औंस म्हणजे सुमारे ३५ ग्रॅम वजनाचे, पाच नंबरचे छर्रे हा माझ्या मते सर्वांत समतोल पर्याय आहे. त्यात ३ मिलिमीटरचे साधारण २१० छर्रे असतात. नंबर वाढला की छर्रा लहान होतो. सहा नंबरमध्ये संख्या वाढते पण लांबवर जोर ओसरतो, चार नंबरमध्ये उलटे होते. इंग्लंडमध्ये बनलेल्या काडतुसांचे नंबर मात्र वेगळे असतात: तिकडचा पाच हा अमेरिकेतल्या सहाच्या मापाचा असतो. पोलाद शिशापेक्षा बरेच हलके असल्यामुळे पोलादी छर्रे दोन मापांनी मोठे घ्यावेत, म्हणजे पाच नंबरऐवजी तीन नंबरचे. ते कडक असतात आणि कमी विखुरतात, म्हणून त्यांच्यासोबत फुल चोक टाळावा. जुनी नळी ते सोसेल की नाही हे बंदुकीच्या कारागिराकडून आधी तपासून घ्यावे. शिशाऐवजी वापरला जाणारा बिस्मथ हा धातू मऊ असल्याने जुन्या बंदुकीला मानवतो, मात्र महाग पडतो.

एवढे ठरल्यावर मोठ्या कागदावर बार काढून पाहावा. ज्या अंतरावर आपण खरोखर गोळी झाडणार आहोत तेथे कागद लावून, चोक आणि काडतूस यांच्या प्रत्येक जोडीने निदान तीन बार काढावेत आणि छर्ऱ्यांची दाटी कुठे आहे, कुठे पक्षी निसटेल एवढी पोकळी राहते, हे पाहावे. एकच चोक वेगवेगळ्या काडतुसांशी अगदी निराळा वागतो, त्यामुळे खोक्यावर छापलेल्या माहितीपेक्षा या कागदावर विश्वास ठेवावा.

शेतात निघण्यापूर्वी खिसे रिकामे करून काडतुसे एकाच मापाची असल्याचे पाहावे. वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरमध्ये गेले, तर ते घसरून नळीत पुढे अडकते. नळी रिकामी समजून मागून बारा बोअरचे काडतूस भरले जाते आणि घोडा ओढताच नळी फुटते. वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची ठेवण्याची पद्धत त्यासाठीच आहे.