‘एक्स्प्लेन मी’ नको: इंग्रजी क्रियापदांच्या या चुका टाळा

इंदूरला सुदामानगरात मी मराठी घरांतल्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. नव्या मुलाच्या वहीत एक वाक्य हमखास सापडतं: ‘एक्स्प्लेन मी धिस सम.’ घरी ‘मला समजावून सांग’, गल्लीत ‘मेरे को समझा दो’. दोन्ही भाषांत माणसाला ‘ला’ किंवा ‘को’ लावला की काम होतं, मग तिसऱ्या भाषेतही मूल तेच करतं.

हवं ते ‘एक्स्प्लेन धिस सम टू मी’. आधी वस्तू, मग ‘टू’ लावून माणूस. पण ‘गिव्ह मी’, ‘टेल मी’, ‘शो मी’ चालतं, मग हे का नाही? मुलं हे विचारतात तेव्हा मला फार बरं वाटतं, कारण इथेच खरी गोम आहे. गिव्ह, टेल, शो, सेन्ड ही इंग्रजीची जुनी, घरची क्रियापदं. ती दोन कर्मं शेजारी-शेजारी बसवून घेतात. एक्स्प्लेन, सजेस्ट, डिस्क्राइब, अनाउन्स ही लॅटिनच्या वाटेनं आलेली. अशी लांब क्रियापदं बहुतेक वेळा माणसाआधी ‘टू’ मागतात. ‘प्रॉमिस मी’ हा अपवाद, तो वेगळा पाठ करावा.

दुसरी चूक मोठ्यांचीही: ‘डिस्कस अबाउट’. ‘अ डिस्कशन अबाउट द ट्रिप’ बरोबर आहे, म्हणून कानाला ते खटकत नाही. पण ‘अबाउट’ नामाचा आहे, क्रियापदाचा नव्हे. ‘वी डिस्कस्ड द ट्रिप’ एवढंच पुरे. ‘एन्ट्री इन्टू’ आणि ‘एन्टर द रूम’ यांचंही तसंच. मात्र करार करायचा असेल तर ‘एन्टर इन्टू अॅन अॅग्रीमेंट’ हेच बरोबर, तेव्हा ‘इन्टू’ दिसला की खोडू नका. ‘रीच्ड टू राजवाडा’ मधला ‘टू’ काढा. उलट ‘लिसन मी’, ‘वेट मी’ मध्ये ‘टू’ आणि ‘फॉर’ घाला.

क्रियाविशेषणाची जागा हा मराठी माणसाचा हळवा कोपरा. ‘ती इंग्रजी छान बोलते’, ‘ती छान इंग्रजी बोलते’. आपल्याकडे दोन्ही चालतं. इंग्रजी नामांना आपल्यासारख्या विभक्ती नाहीत, कर्म ओळखायचं ते जागेवरून. म्हणून क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये सहसा कोणी शिरत नाही: ‘शी स्पीक्स इंग्लिश वेल’, ‘आय लाइक पोहे व्हेरी मच’.

‘पिक अप इट’ही तितकंच ऐकू येतं. ‘पिक अप द बॅग’ आणि ‘पिक द बॅग अप’ दोन्ही बरोबर, पण सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं: ‘पिक इट अप’. ‘लुक आफ्टर’ मात्र फुटत नाही. ‘लुक द बेबी आफ्टर’ असं होत नाही ना? मग ‘लुक आफ्टर हर’ असंच म्हणायचं.

राहिलं ‘पुट’. मराठीत ‘किल्ली ठेवली’ हे वाक्य पुरं होतं. ‘आय पुट द की’ अधांतरी लटकतं, कुठे ते सांगावंच लागतं. अशा गरजा शब्दकोशात लिहिलेल्या असतात. इंग्रजीचे शिक्षक ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये तयार केलेल्या, १९४२ साली छापलेल्या कोशात क्रियापदांचे २५ साचे दिले होते. आजच्या विद्यार्थी-कोशातही ‘एक्स्प्लेन समथिंग टू समबडी’ अशी ओळ असते. माझ्या मुलांच्या वहीत अर्थाआधी ती ओळ उतरवायची असते.