बाबांची बोट कशी शोधायची

परवा आमच्या मजल्यावरची एक मुलगी फोटो घेऊन आली. पांढऱ्या गणवेशातला पोरगेलासा माणूस, मागे रिव्हेट मारलेली लोखंडी भिंत, आणि फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने एकच शब्द, 'म्हैसूर'. "काकू, माझे आजोबा. तुम्ही तुमच्या बाबांच्या बोटीचं सगळं शोधून काढलंत ना? मला पण शिकवा."

मला बोटीतलं काही कळत नाही, हे आधीच सांगते. बँकेत पस्तीस वर्षं काढली, त्यातली निम्मी क्लिअरिंगला. मला कळतं ते टॅली करणं. युद्धनौका म्हणजे माझ्या लेखी एक जुनं खातं. उघडल्याची तारीख, नाव बदलल्याची तारीख, मधल्या नोंदी, बंद झाल्याची तारीख. कुठे एक रुपया कमी-जास्त दिसला की तो सापडेपर्यंत घरी जायचं नाही, एवढा एकच नियम.

सुरुवात इंटरनेटवर करू नका. माळ्यावरची ट्रंक काढा. माझे बाबा दाभोळकडचे, १९५१ साली नेव्हीत स्टोकर, म्हणजे बॉयलरवर काम करणारा, म्हणून भरती झाले आणि पुढे 'दिल्ली' नावाच्या युद्धनौकेवर गेले. ट्रंकेत त्यांचा नोकरीचा दाखला होता, घडीवर फाटलेला, मागून कुणीतरी खाकी कागदाची पट्टी चिकटवलेला. त्यात कुठल्या जहाजावर कधीपासून कधीपर्यंत, याचे रकाने असतात. तोच तुमचा पाया. कोणी काय सांगितलं ते नंतर. दाखल्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत नव्हे, कागदी पाकिटात ठेवा. मुंबईच्या पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या आत घाम धरतो आणि शाई पसरते. हे मी आधी कुणाला विचारलं असतं तर बाबांच्या दुसऱ्या पानाची एक ओळ आज वाचता आली असती.

दाखल्यातली पहिलीच नोंद तुम्हाला फसवणार. नौदलात किनाऱ्यावरच्या तळांनाही जहाजासारखंच नाव असतं. मी 'शिवाजी' नावाची बोट तीन आठवडे शोधत होते. शेवटी एका निवृत्त फिटरकाकांनी हसत हसत सांगितलं, "अगं, शिवाजी लोणावळ्याला आहे. इंजिनवाले तिथे शिकतात." डोंगरावरची बोट! मालाडचं 'हमला', आपल्या डॉकयार्डाजवळचं 'आंग्रे', हे सगळे असलेच प्रकार. १९४६ चा नाविकांचा उठाव ज्या 'तलवार'वर सुरू झाला तीही बोट नव्हती, कुलाब्याची सिग्नल शाळा होती. तेव्हा आधी प्रत्येक नावापुढे 'पाण्यावर' की 'जमिनीवर' हे लिहून मोकळ्या व्हा.

मग एक जाड रजिस्टर घ्या, रकाने पाडा: तारीख, ठिकाण, घटना, कुठून कळलं. मी तीन पेन्सिली वापरते. सरकारी कागदावरून आलेलं निळ्याने, छापलेल्या मजकुरातून आलेलं हिरव्याने, घरातल्या गोष्टी लाल रंगाने. लाल म्हणजे खोटं नाही, लाल म्हणजे अजून टॅली लागायची आहे. निळी किंवा हिरवी जोडी मिळाली की लाल ओळीवर टिकमार्क.

आता खरी गोम. बोटीचा इतिहास नावाने शोधला की घोटाळा होतो. शोधायचा तो लोखंडाने, म्हणजे ती बोट कधी आणि कुठे बांधली यावरून. बाबांची 'दिल्ली' घ्या. दिल्ली नावाच्या तीन युद्धनौका आहेत. एक ब्रिटिशांची जुनी हलकी क्रूझर, १९१८ साली पाण्यात उतरलेली. तिचा भारतीय नौदलाशी काही संबंध नाही आणि ती १९४८ साली भंगारात गेली. नेमक्या त्याच वर्षी आपल्याकडे दुसरी दिल्ली आली, तीच बाबांची. आणि तिसरी माझगाव डॉकमध्ये बांधलेली विनाशिका, १९९७ सालची. एका हौशी लेखात मी पहिल्या दोघींची इतकी सुंदर मिसळ पाहिली की बाबांची बोट १९१९ साली बाल्टिक समुद्रात बोल्शेविकांशी लढत होती. बांधायलाच घेतली १९३१ साली!

बाबांच्या दिल्लीचं माहेरचं नाव अकिलीस. इंग्लंडमध्ये बर्कनहेडच्या कॅमल लेअर्ड कारखान्यात बांधली, १ सप्टेंबर १९३२ ला पाण्यात उतरवली, ऑक्टोबर १९३३ मध्ये नौदलात दाखल झाली. लिअँडर वर्गातली हलकी क्रूझर: लांबी सुमारे १६९ मीटर, सहा इंची आठ तोफा, वेग बत्तीस नॉटच्या वर. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच ती न्यूझीलंडकडे गेली. म्हणजे इंग्रज बोट, न्यूझीलंडचे खलाशी आणि पुढे आपली माणसं. तीन देशांत तीन दप्तरं, म्हणून शोधही तीन ठिकाणी.

फोटो हातात असेल तर टरेट, म्हणजे तोफा बसवलेले फिरते बुरूज, मोजा. हे मी मुलीला जमिनीवर बसवून भिंगाने करून दाखवलं. अकिलीसला मुळात चार टरेट होते, प्रत्येकात दोन तोफा, दोन टरेट पुढे आणि दोन मागे. ५ जानेवारी १९४३ ला ग्वादलकनालजवळ जपानी विमानाचा बॉम्ब मागच्या दोनांपैकी वरच्या टरेटवर पडला आणि १३ माणसं गेली. दुरुस्तीला पोर्ट्समथला नेली तेव्हा तो टरेट काढूनच टाकला आणि तिथे विमानविरोधी तोफा बसवल्या. म्हणून चार टरेट दिसले तर फोटो १९४३ च्या आधीचा, तीन दिसले तर नंतरचा. आपल्याकडे आली ती तीन टरेटची. 'दिल्ली' म्हणून विकला जाणारा चार टरेटचा फोटो म्हणजे अकिलीसचा, त्याच्यावर भगिनींनो पैसे घालवू नका. धुराडीही मोजा. दिल्लीला एकच रुंद धुराडं; म्हैसूरला, म्हणजे मुलीच्या आजोबांच्या बोटीला, दोन. टोपीच्या पट्टीवर फार भिस्त नको, युद्धात इंग्रज पट्टीवरून जहाजाचं नाव गाळत आणि नुसतं 'एचएमएस' ठेवत, शत्रूला कळू नये म्हणून.

(त्या पोर्ट्समथच्या दुरुस्तीत, जून १९४३ मध्ये, बोटीत स्फोट होऊन गोदीतले १४ कामगार मेले. बोटीच्या बहुतेक कहाण्यांत याला अर्धी ओळ मिळते. १४ एप्रिल १९४४ चा मुंबई गोदीतला स्फोट ज्यांच्या घरात अजून सांगितला जातो त्यांनी अर्धी ओळ देऊ नये. मी रजिस्टरमध्ये त्याला पूर्ण पान दिलंय.)

ब्रिटिश काळासाठी लंडनच्या क्यू भागातलं ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार. जहाजांच्या रोजनिशा तिथे 'एडीएम ५३' या मालिकेत आहेत, बोट आणि महिना यांप्रमाणे लावलेल्या. कॅटलॉग घरबसल्या बघता येतो. रोजनिशी वाचायची तर धीर हवा: तासातासाचा वेग, दिशा, वारा, हवेचा दाब, आणि सकाळी आठ, दुपारी बारा, रात्री आठचं ठिकाण. पानंच्या पानं कोरडी, आणि मध्येच एका ओळीत कुणीतरी समुद्रात पडलेला. मेलेल्यांची नावं राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर तारखेने शोधता येतात. न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वर्तमानपत्रं 'पेपर्स पास्ट' नावाने मोफत ठेवली आहेत. मला सगळ्यात जास्त उपयोग तिथेच झाला, कारण गावाकडची पोरं बोटीवर असली की गावचा पेपर सगळं छापतो. हे आपल्याकडेही खरं आहे.

भारतीय काळासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' पोर्टल, आणि आपल्याकडे एशियाटिक ग्रंथालयाच्या पायऱ्या किंवा दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. शोधताना २६ जानेवारी १९५० च्या आधी नावामागे 'एचएमआयएस' (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) घाला, नंतर 'आयएनएस' (इंडियन नेव्हल शिप). मी हे न करता एका कार्यालयात अर्ज दिला होता. 'अशी नौका नोंदीत नाही' असं उत्तर चार महिन्यांनी आलं. नोंदीत होती, आडनावाने होती.

तारखांचंही तसंच. कुणी म्हणेल बोट जुलैत आली, कुणी म्हणेल सप्टेंबरमध्ये. भांडू नका. साखरपुडा, लग्न आणि गृहप्रवेश यांच्या तारखा वेगळ्या असतात. विक्री ठरली तो साखरपुडा. ५ जुलै १९४८ ला इंग्लंडमध्ये आपल्या नौदलात दाखल झाली ते लग्न. सप्टेंबरमध्ये मुंबईला लागली तो गृहप्रवेश. रजिस्टरमध्ये तिन्ही लिहा, पुढे कशाची तारीख ते लिहा. १९४८ मध्ये आणखी एक मजा आहे. आपल्या नौदलाचे प्रमुख म्हणून आले ते व्हाइस अॅडमिरल पॅरी, आणि हेच पॅरी १९३९ च्या एका लढाईत (ती पुढे येतेच) अकिलीसचे कप्तान होते. त्यांचीच जुनी बोट नव्या नावाने त्यांच्या समोर उभी! असा दुवा सापडला की मला क्लिअरिंगमध्ये हरवलेला चेक सापडल्यासारखं वाटायचं.

आता लाल पेन्सिलीचं सांगते. बाबा म्हणायचे, "आमच्या बोटीने ग्राफ श्पेला पळवलं. मी होतो तेव्हा." आम्ही भावंडं हसायचो. ती लढाई १३ डिसेंबर १९३९ ची, दक्षिण अमेरिकेत प्लेट नदीच्या मुखाबाहेरची. अकिलीस, एजॅक्स आणि एक्झेटर या तीन ब्रिटिश क्रूझर एकीकडे, दुसरीकडे ११ इंची तोफांची जर्मन ग्राफ श्पे. अकिलीसवर चार माणसं गेली, पॅरी पायाला जखमी झाले. ग्राफ श्पे माँटेव्हिडिओ बंदरात शिरली आणि १७ डिसेंबरला तिच्याच कप्तानाने तिला बुडवलं. बाबा तेव्हा सात वर्षांचे, दाभोळला खाडीत पोहत असणार. वर बाबा आणखी म्हणायचे, "ती जर्मन बोट खरी अमेरिकन होती." आई म्हणायची, "यांना ताप चढलाय."

बाबा गेल्यावर मी ही ओळ लाल रंगाने लिहिली, खोडायची म्हणून. दाखल्यात दिल्लीची नोंद १९५३ पासून होती. त्या वर्षी १५ जूनला इंग्लंडमध्ये स्पिटहेडला एलिझाबेथ राणीच्या राज्याभिषेकाचं नौदल संचलन झालं, त्यात दिल्ली होती, ते जुळलं. मग १९५६ च्या एका इंग्रजी सिनेमाची नोंद सापडली. याच लढाईवरचा सिनेमा, आणि त्यात अकिलीसचं काम केलं होतं खुद्द अकिलीसनेच, म्हणजे आपल्या दिल्लीने. ग्राफ श्पेच्या भूमिकेत होती सेलम नावाची अमेरिकन क्रूझर.

बाबांनी एक शब्दही खोटा सांगितला नव्हता. मग त्यांची दुसरी गोष्टही आठवली. बॉयलर रूममध्ये काळा धूर निघाला की एरवी चीफच्या शिव्या बसायच्या, पण शूटिंगच्या वेळी वरून हुकूम आला, धूर काढा, भरपूर काढा. तेल वाढवायचं आणि हवा कमी करायची. बाबा हाताने व्हॉल्व फिरवल्यासारखं करून दाखवायचे. ते आम्हाला बढाई वाटायचं. म्हणून म्हणते, घरातली गोष्ट पटली नाही तरी शब्दशः लिहून ठेवा, आपल्या अकलेने दुरुस्त करू नका. मी 'अमेरिकन' शब्द गाळला असता तर टॅली लागलीच नसती.

शेवटच्या नोंदी पटकन सापडतात. डिसेंबर १९६१ मध्ये दिल्लीने दीवच्या किल्ल्यावर तोफा डागल्या. ३० जून १९७८ ला मुंबईत तिचा झेंडा उतरला. तोडायच्या आधी मागचा खालचा टरेट काढून आपल्या सरकारने न्यूझीलंडला दिला, तो ऑकलंडला डेव्हनपोर्टच्या नौदल तळावर आहे. बोटीचे अवशेष म्हणून चोरबाजारात पितळी पाट्या मिळतात. स्क्रूच्या भोकात हिरवट गंज आहे का बघा. नसेल तर पाटी गेल्या महिन्यातली.

एवढं सांगून झाल्यावर मुलीचं रजिस्टर उघडलं. फोटोत धुराडं दिसत नव्हतं, टरेटही नाही, नुसती भिंत. मग लोखंड शोधलं: म्हैसूर म्हणजे पूर्वीची नायजेरिया, न्यूकॅसलला बांधलेली, सप्टेंबर १९४० मध्ये ब्रिटिश नौदलात दाखल झालेली. १२ ऑगस्ट १९४२ ला माल्टाकडे ताफा नेताना इटालियन पाणबुडी अॅक्सुमचा पाणतीर लागला, ५२ माणसं गेली, तरी जिब्राल्टरला परत पोचली. १९५४ मध्ये आपण घेतली, बर्कनहेडला त्याच कॅमल लेअर्डकडे डागडुजी झाली, म्हणजे दिल्लीच्याच माहेरी. २९ ऑगस्ट १९५७ ला म्हैसूर झाली, १९७१ च्या युद्धात पश्चिमी ताफ्याचं प्रमुख जहाज, १९८५ ला निवृत्त.

"आणि लाल?" मी विचारलं.

"आजी सांगायची, बोटीचं नाक चेपलं होतं. आजोबा हसायचे त्यावर."

१९५९ मध्ये सिलोनजवळ सराव चालू असताना म्हैसूर ब्रिटिशांच्या हॉग या विनाशिकेवर आदळली होती. मुलगी लगेच निळी पेन्सिल उचलायला लागली. मी ती काढून घेतली. आधी आजोबांचा दाखला आण म्हटलं, १९५९ ला ते म्हैसूरवर होते की लोणावळ्याला.