घराचा नकाशा कॅडवर काढताय? या चुका टाळा

जुळे सोलापुरातला ३० बाय ४० चा चौकोनी प्लॉट असो नाहीतर साखर पेठेतली वाकडीतिकडी जुनी जागा, नकाशा फसला की दोष कॅडला, म्हणजे संगणकावर नकाशा काढायच्या सॉफ्टवेअरला, दिला जातो. खरी गडबड बहुतेक वेळा मापात, एककात किंवा प्रिंटमध्ये असते. स्क्रीनवर ती दिसत नाही आणि भिंत चार थर वर आली की मात्र सगळ्यांना दिसते. तेव्हा ती तोडायचा खर्च घरमालकाच्या माथी बसतो.

१०.६ म्हणजे १० फूट ६ इंच नव्हे

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. ड्रॉइंग दशांश फुटांत असेल तर १०.६ म्हणजे १० फूट ७.२ इंच. ऑटोकॅड या सॉफ्टवेअरमध्ये आर्किटेक्चरल (फूट-इंचाचं) युनिट लावलं असेल तर नुसतं १०.६ टाकल्यावर साडेदहा इंचांच्या आसपासची रेघ येते, कारण फुटाची खूण दिल्याशिवाय तो आकडा इंचच धरला जातो. साडेदहा फूट हवे असतील तर १०'६ असंच टाका. पहिली भिंत काढली की डिस्ट कमांडने मोजून बघा, मगच पुढे जा.

पलंग, सोफा, कमोडचे ब्लॉक, म्हणजे तयार चित्रं, नेटवरून उतरवताना हाच घोळ वेगळ्या रूपात येतो. १८०० मिलिमीटर रुंदीचा पलंग इंचाच्या ड्रॉइंगमध्ये टाकला आणि एकक जुळलेलं नसलं, तर तो १८०० इंचांचा, म्हणजे १५० फुटांचा होतो. अंदाजाने लहान करत बसू नका. युनिट्समध्ये इन्सर्शन स्केल इंचावर ठेवा आणि ब्लॉकच्या फाइलमध्ये ते मिलिमीटर आहे का ते पाहा. आधीच टाकलेला ब्लॉक स्केल कमांडने २५.४ ने भागा. अंदाजाने लहान केलेल्या पलंगामुळे खोलीत कपाट बसतंय असा भास होतो, आणि प्रत्यक्षात त्याचं दार पलंगाला अडतं.

प्लॉटचे कर्ण मोजल्याशिवाय रेघ ओढू नका

चार बाजू मोजल्या म्हणजे प्लॉट कळला असं होत नाही. ३० बाय ४० चा प्लॉट काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण बरोबर ५० फूट भरतात. एक ५० फूट ९ इंच आणि दुसरा ४९ फूट ३ इंच भरला, तर प्लॉट तिरका आहे. मग तो तसाच काढायचा आणि त्यात घर बसवायचं. पेठांमधल्या जागांत शेजारच्या भिंती क्वचितच समांतर असतात, तिथे तर कर्णाशिवाय काम सुरूच करू नये. क्षेत्रफळ काढताना गुंठा आणि आर एकच समजू नका: गुंठा १०८९ चौरस फूट, आर १०७६.

जिना आधी, खोल्या नंतर

खोल्या आखून उरलेल्या जागेत जिना कोंबला की तो चढताना त्रास देतोच. मजल्याची उंची १० फूट, म्हणजे १२० इंच. १८ रायझर, म्हणजे चढ, धरले तर प्रत्येक चढ ६.६७ इंचांचा, पायाला बरा. दोन टप्प्यांचा जिना असेल तर प्रत्येक टप्प्यात ९ चढ आणि ८ ट्रेड (पाय ठेवायची आडवी बाजू). १० इंचांचा ट्रेड धरला तर टप्प्याची लांबी ६ फूट ८ इंच, वर ३ फुटांचं लँडिंग, म्हणजे वळणावरची सपाट जागा. म्हणजे जिन्याला आतून ९ फूट ८ इंच लांबी लागते, तीही प्लॅस्टर झाल्यावर.

आता याच जिन्याला ८ फूट जागा दिली तर काय होतं पाहा. लँडिंग सोडून ५ फूट उरतात, त्यात ६ ट्रेड बसतात, म्हणजे टप्प्याला ७ चढ. दोन्ही मिळून १४. १२० भागिले १४, प्रत्येक चढ साडेआठ इंचांहून जास्त. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी तो जिना रोज कसा चढायचा? सॉफ्टवेअर यावर काही बोलत नाही, ते तयार जिना मुकाट्याने ताणून देतं.

दुसरं, लँडिंगखाली संडास. ९ चढांनंतरचं लँडिंग जोत्यापासून ५ फुटांवर येतं. त्यातून स्लॅब आणि प्लॅस्टरचे सहाएक इंच वजा केले की उरतात साडेचार फूट. जोतं २ फुटांचं असेल आणि संडासची फरशी अंगणाच्या पातळीला घेतली, तर साडेसहा फूट मिळतात. हे प्लॅनमध्ये कधीच दिसणार नाही, म्हणून जिन्यातून एक सेक्शन (उभा छेद) काढाच.

हौदाचं माप आतलं की बाहेरचं?

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे हौद हा नकाशातला दुय्यम भाग समजून चालत नाही. पाच माणसं, माणशी १३५ लिटर, पाच दिवस: ३३७५ लिटर. ६ बाय ५ बाय ४ फुटांचा हौद १२० घनफूट, म्हणजे जवळपास ३४०० लिटर. पण ६ बाय ५ हे बाहेरचं माप असेल आणि भिंती ९ इंचांच्या असतील, तर आत साडेचार बाय साडेतीनच उरतं आणि पाणी मावतं १८०० लिटरांच्या आत. निम्मा हौद गेला. ड्रॉइंगवर ‘आतील माप’ असं लिहा आणि खोली पाण्याच्या पातळीपर्यंतची दाखवा.

प्रिंटची चूक मिस्त्रीच्या पट्टीवर उमटते

‘फिट टू पेपर’ लावून काढलेला नकाशा साइटवर देऊ नका. त्याला कुठलीच स्केल नसते. एका इंचाला ८ फूट, म्हणजे १:९६ ला काढलेल्या प्रिंटवर कुणी १:१०० ची पट्टी लावली तर १२ फुटांची खोली साडेबारा फूट वाचली जाते. शीटच्या कोपऱ्यात ८ फुटांची एक रेघ ठेवा, प्रिंटवर ती बरोबर एक इंच भरली पाहिजे. आणि प्रत्येक महत्त्वाचं माप आकड्यात लिहा, पट्टी लावायची वेळच येऊ नये. महापालिकेकडे ऑनलाइन परवानगीसाठी जाणारी फाइल वेगळी ठेवा: मीटरमध्ये, ठरलेल्या नावांच्या लेअरवर, बंद पॉलिलाइनसह (टोकं जुळलेली सलग रेघ).

मराठी मजकूर युनिकोड फॉन्टमध्येच टाका. जुन्या फॉन्टमधलं ‘देवघर’ दुसऱ्या संगणकावर कचरा होऊन उघडतं.

स्केचअपचा सूर्य अमेरिकेतला

स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या तयार टेम्पलेटमध्ये ठिकाण कोलोरॅडोतलं बोल्डर असतं. ठिकाण न बदलता सावल्या बघून ‘पश्चिमेला छज्जा नको’ असं ठरवणं सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये महागात पडतं. जिओ-लोकेशन सोलापूरचं द्या, वेळ यूटीसी अधिक ५:३० करा आणि २१ जूनला साडेबाराची सावली बघा. १० फुटी भिंतीची जेमतेम एक फूट सावली दक्षिणेकडे पडली तर सूर्य आपला. ती उत्तरेकडे आणि तीन फुटांच्या आसपास पडत असेल तर अजून बोल्डरच आहे. त्यानंतर दुपारी चारला पश्चिमेच्या खिडक्या तपासा.

मदत मागताना

मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरपा फोटो आणि ‘हॅच (बंद जागा रेघांनी भरणं) होत नाहीये, काय करू?’ एवढ्यावर जाणकारालाही काही सांगता येत नाही. असं लिहा: ‘ऑटोकॅड २०२१, ड्रॉइंग इंचात. हॉलमध्ये हॅच टाकल्यावर हद्द बंद नाही असं येतं. दाराजवळचे कोपरे झूम करून पाहिले, एकावर एक आलेल्या रेघा काढणारं ओव्हरकिल चालवलं, फरक नाही. फाइल २०१० फॉरमॅटमध्ये जोडली आहे.’ यात व्हर्जन, एकक, नेमका मेसेज आणि काय करून पाहिलं हे सगळं आलं. फाइल व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एक्सरेफ, म्हणजे बाहेरून जोडलेल्या फाइली, असतील तर ई-ट्रान्समिटने एकत्र बांधून पाठवा, नाहीतर समोरच्याला अर्धाच नकाशा दिसतो.

फाइल उघडतच नसेल तर घाबरून पुन्हा काढायला बसू नका. ऑटोकॅडच्या कमांड या क्रमाने चालवा: आधी रिकव्हर (बिघडलेली फाइल उघडायला), मग ऑडिट (चुका शोधून दुरुस्त करायला), मग पर्ज (न लागणारं काढायला). त्यानेही जमलं नाही तर त्याच फोल्डरमधल्या बॅक (.bak) एक्स्टेन्शनच्या फाइलची प्रत करून तिचं एक्स्टेन्शन डीडब्ल्यूजी (.dwg) करा, शेवटच्या सेव्हच्या आधीचं काम त्यात असतं. संगणक अडखळतो म्हणून ऑटोसेव्ह बंद करणाऱ्यांना, लाइट गेल्यावर, हाच एक आधार उरतो. तेव्हा ऑटोसेव्ह १० मिनिटांवर चालूच ठेवा.