जळजळ म्हणजे काय, ते आधी मला विचारा

गेली काही वर्षं मी वैद्यकीय विद्यार्थ्यांसमोर पेशंट म्हणून बसते. हौशी नाटकांत तीस वर्षं काढली, पण समोरचा माणूस दोन फुटांवर बसून माझ्या तोंडून काय येतं यावर पुढचा प्रश्न ठरवतो, असं काम पहिल्यांदाच केलं. ही पद्धत 1963 साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाली. हॉवर्ड बॅरोज नावाच्या न्यूरॉलॉजिस्टनी चित्रकारांसाठी मॉडेल म्हणून बसणाऱ्या एका बाईंना पेशंटची भूमिका शिकवली होती. आपल्याकडे 2019 च्या बॅचपासून एमबीबीएसला एटकॉम (वृत्ती, नीती आणि संवाद यांचा अभ्यासक्रम) आलं, म्हणजे पेशंटशी बोलणं आता अभ्यासाचाच भाग झालं. तुम्ही लवकरच माझ्यासारख्या कुणाच्या तरी समोर बसाल, म्हणून हे सांगते.

आधी माझ्या बाजूचं. मला एक पान मिळतं. समजा, मी उषा आहे. वय 52, डोंगरावरच्या वाडीत राहते, मजुरीला जाते. पहिलं वाक्य ठरलेलं: "डॉक्टर, छातीत जळजळतंय हो. पित्त झालंय." खाली लिहिलेलं असतं, 'विचारलं तरच सांगायचं': चढावर कळशी घेऊन निघालं की जळजळ होते, टेकलं की पाच मिनिटांत थांबते. तेव्हा घाम फुटतो. सख्खा भाऊ पन्नाशीत अचानक गेला. हे सगळं माझ्याकडे तयार असतं, पण मी ते आपण होऊन देत नाही. खरी उषासुद्धा देत नाही.

'जळजळ' ऐकली की दहातले सात जण लगेच विचारतात, "तिखट जास्त खाता का?" मी म्हणते, "हो, आमच्याकडं तिखटच असतं." मग चहा किती, जेवणाच्या वेळा, ढेकर. आठ मिनिटं संपतात आणि उषा पित्ताची गोळी घेऊन हृदयाचं दुखणं तसंच घरी नेते.

म्हणून पहिला प्रश्न मोकळा ठेवा: "काय होतंय, सुरुवातीपासून सांगा." आणि थांबा. हे थांबणं सगळ्यात अवघड. 1984 च्या एका अमेरिकन पाहणीत डॉक्टरांनी सरासरी 18 सेकंदांत पेशंटचं बोलणं तोडलं होतं. 2002 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पेशंटना तोडायचंच नाही असं ठरवून मोजलं, तेव्हा ते सरासरी 92 सेकंदांत आपणच थांबले. दीड मिनिट! घरी मित्राला समोर बसवा, मोबाइलवर दीड मिनिट लावा, आणि तेवढा वेळ फक्त "हं", "मग?" एवढंच बोला.

त्यानंतर माझाच शब्द मला परत द्या. "जळजळ म्हणजे नेमकं कसं होतं? कुठं, हात लावून दाखवा. काय करताना होतं?" 'काय करताना' विचारलंत की कळशी बाहेर येते. चक्कर, कणकण, अशक्तपणा, अंग मोडून येणं, यातल्या कुठल्याच शब्दाचा अर्थ गृहीत धरू नका. कुणाची चक्कर म्हणजे घर फिरतं, कुणाची म्हणजे डोळ्यांपुढे अंधारी येते.

'नाही ना'ने संपणारा प्रश्न तर विचारूच नका. "तंबाखू वगैरे नाही ना?" याला उषाचं उत्तर कायम "नाही". आणि ती खोटं बोलत नाही. तिच्या लेखी तंबाखू म्हणजे पुरुष मळून खातात ती. "मिश्री लावता का?" असं विचारलं की ती सहज सांगते, "सकाळ-संध्याकाळ लावते की." ती मिश्री तंबाखूचीच.

मावशी म्हणा, काकू म्हणा, उषाताई म्हणा. नाव विचारून, आपलं नाव सांगून, काय म्हणू ते माझ्या वयाकडे बघून ठरवा. कधी कधी शेजारी नवऱ्याची भूमिका करणारे सहकारी बसतात आणि माझी सगळी उत्तरं तेच देतात. त्यांना गप्प करू नका. "काका, तुमचं लिहून घेतलं. आता मावशींच्या तोंडून ऐकतो," एवढं पुरतं.

भावाचं मी सांगते तेव्हा निम्मे विद्यार्थी "ओके" म्हणतात आणि पुढे विचारतात, "शुगर आहे का?" ते ऐकून मला, म्हणजे मलाच, आत काहीतरी मिटल्यासारखं होतं. एका मुलीने मात्र पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघत हळूच विचारलं, "कधी झालं हे?" आणि गप्प राहिली. मी पानावर नसलेलं वाक्य बोलून गेले: "मलाबी तसंच होईल का, डॉक्टर?" उषाला दवाखान्यात आणलं होतं ते या भीतीनं. ती मुलगी लगेच "काही होणार नाही" म्हणाली नाही. म्हणाली, "तुम्हाला ती काळजी वाटणं साहजिक आहे. आज आपण पट्टी काढू, म्हणजे ईसीजी, आणि मग दोघी मिळून बोलू." हे असं बोला.

उठण्याआधी ऐकलेलं परत सांगा, "चुकलं तर थांबवा" म्हणा, आणि शेवटी "आणखी काय सांगायचं राहिलंय?" असं विचारा.

अभिनेते मिळत नसतील तर हॉस्टेलवर करा, पण पेशंट म्हणून मेडिकलबाहेरचा मित्र घ्या. मेडिकलचा मित्र निदान आधी ओळखतो आणि लक्षणं पुस्तकाच्या क्रमाने सांगतो. बाहेरच्या मित्राला एका कागदावर वय, काम, पहिलं वाक्य, विचारल्यावरच सांगायच्या तीन गोष्टी आणि एक भीती लिहून द्या. संपल्यावर निदान बरोबर आलं का, ते नंतर बघा. आधी त्याला विचारा, कुठल्या क्षणी सांगावंसं वाटलं आणि सांगितलं नाही. परवा एका मुलाला मी हेच सांगितलं: "तू घड्याळाकडे पाहिलंस ना, तेव्हा मी भावाचं सांगणार होते." तो म्हणाला, "पुन्हा बसू या का?" आणि घड्याळ काढून त्याने खिशात ठेवलं.